लेकीचा शब्द कॉलेजात कुठवर पोचतो?

गटाच्या बैठकीत कुणी अंतर्गत कर्ज मागितलं की आपण कारण विचारतो आणि वहीत लिहितो. पूर्वी त्या रकान्यात बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न असं असायचं. आता 'मुलीची कॉलेजची फी' हे कारणही दिसायला लागलंय. म्हणजे आपल्या बचतीचा पैसा कॉलेजात जातो आहे. मग त्या कॉलेजात आपल्या लेकीचं कोण ऐकतं, तिला काही सांगायचं असेल तर कुणाकडे जायचं आणि सांगितल्यावर पुढं काय व्हायला पाहिजे, हे आपल्याला माहीत असायला हवं. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

आधी एक खुलासा. अकरावी-बारावीलाही आपण कॉलेजच म्हणतो, पण त्याचे नियम शाळेच्या बाजूचे. आज सांगतोय ते बारावीच्या पुढचं, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी आणि त्याच्याही पुढचं. ही कॉलेजं कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाला जोडलेली असतात. त्यांच्यावर राज्याचा विद्यापीठ कायदा लागतो आणि दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, नियमही लागतात.

मुली बोलत का नाहीत?

गटांच्या कामाला गावोगाव फिरताना आम्ही कॉलेजला जाणाऱ्या मुलींशीही बोलतो. त्यांची गाऱ्हाणी ऐकायला साधी असतात. मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. दुपारनंतर नळाला पाणी नाही. शेवटचा तास पाचला सुटतो आणि गावाची एसटी पावणेपाचला निघून जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑफिसात अडकलाय. प्रॅक्टिकल न होताच वहीवर सही झाली. काही गोष्टी मात्र हळू आवाजात सांगितल्या जातात. गेटवर उभी राहणारी पोरं, मोबाईलवर येणारे मेसेज, एखाद्या माणसाचं नको तेवढं जवळ येणं.

"कॉलेजात सांगितलंस का?" असं विचारलं की मुलगी म्हणते, "अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असतात." "मग घरी सांगितलंस का?" यावर ती खाली बघते. म्हणते, "घरी सांगितलं तर म्हणतील, मग जाऊच नको कॉलेजला."

मैत्रिणींनो, या एका वाक्यापायी कितीतरी तक्रारी पोटातच राहतात. मुलीच्या मनात दोन भीती असतात, एक कॉलेजची आणि एक घरची. कॉलेजच्या भीतीवर कायद्यानं काही उपाय करून ठेवलेत, ते आज आपण बघू. घरची भीती मात्र आपणच घालवायची आहे. त्रास सांगितला की शिक्षण बंद, हे मुलीला माहीत असेल, तर ती त्रास सांगणार नाही. ती सोसत राहील, नाहीतर एक दिवस आपणहून घरी बसेल आणि आपल्याला कारणही कळणार नाही.

शिकणाऱ्या मुलीनं बोलणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळेत गेलेली मुलगी बोलायला लागली तर तिचं कौतुक करायचं, ही आपल्या मातीतलीच रीत आहे.

वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे कोण?

आपल्या गटाला अध्यक्ष असते, सचिव असते. दहा-वीस जणींच्या वतीनं त्या बँकेत जातात, ग्रामसंघात बोलतात. कॉलेजातही तशी रचना आहे. प्रत्येक वर्गाचा एक वर्ग प्रतिनिधी असतो, मुलं त्याला सीआर म्हणतात. सगळ्या वर्गांचे प्रतिनिधी मिळून कॉलेजची विद्यार्थी परिषद होते. कॉलेजांच्या परिषदांवर विद्यापीठाची विद्यार्थी परिषद. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ असतो ना, तसंच समजा.

हा प्रतिनिधी ठरवायचा कसा, यावर आपल्या राज्यात बराच काळ वाद चाललाय. पूर्वी कॉलेजात निवडणुका व्हायच्या. त्यात मारामाऱ्या, पैसा आणि राजकारण शिरलं, म्हणून त्या बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात आदल्या वर्षी चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाचा प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. भांडणं थांबली, पण एक अडचण झाली. पहिला नंबर आलेला मुलगा हुशार असतो, पण मुलींच्या बाथरूमला कडी नाही हे त्याला कुणी सांगणार का? आणि सांगितलं तरी तो प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बोलेल का? आपण गटात अध्यक्ष निवडताना सगळ्यात जास्त शिकलेली बाई बघत नाही. चारजणींचं ऐकून घेणारी आणि चारजणींसमोर बोलणारी बाई बघतो.

पुढं २०१६ साली महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला आणि तो २०१७ पासून लागू झाला. या कायद्यानं निवडणूक परत आणली. कॉलेजच्या परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव विद्यार्थ्यांच्या मतानं, वर्गाचा प्रतिनिधीही मतानं. त्यात आपल्या कामाच्या दोन जागा आहेत. एक महिला प्रतिनिधीची, आणि एक अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व ओबीसी यांच्यासाठी आळीपाळीनं येणारी. एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक कामातून प्रत्येकी एकजण नेमला जातो. २०१९ मध्ये निवडणुका घ्यायचं ठरलंही होतं, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढं गेल्या. मग कोविड आला आणि कॉलेजंच बंद झाली. तेव्हा कायद्यात आहे म्हणून सगळीकडे तसंच चाललंय, असं धरून चालू नका. तुमच्या मुलीच्या कॉलेजात परिषद आहे का, ती निवडून आलीय की नेमलेली आहे आणि महिला प्रतिनिधी कोण आहे, हे तिलाच विचारा. तिला माहीत नसेल तर तिला शोधून काढायला सांगा.

या परिषदेला किंमत आहे, कारण तिच्यातली माणसं पुढच्या टेबलावर बसतात. प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात संस्थेची माणसं, प्राचार्य, शिक्षक, कर्मचारी आणि गावातली काही मंडळी असतात. वर्षातून किमान चार वेळा तिची बैठक व्हावी असं कायदा सांगतो. या समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव हे दोघं सदस्य असतात. पैसा कुठं खर्च करायचा, कॉलेजात काय सुधारायचं, हे जिथं बोललं जातं, त्या टेबलावर दोन खुर्च्या विद्यार्थ्यांच्या आहेत. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्येही, विद्यापीठ परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना जागा आहे.

शिक्षण संपल्यावरही हा रस्ता बंद होत नाही. पदवी मिळालेल्या मुलीला विद्यापीठात 'नोंदणीकृत पदवीधर' म्हणून नाव नोंदवता येतं. असे पदवीधर आपल्यातले दहाजण अधिसभेवर निवडून देतात. गावातली जी मुलगी पदवीधर झाली असेल, मग ती लेक असो की सून, तिला नाव नोंदवायला सांगा. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत आपण नाव बघतो, तसंच हे.

अभिप्रायाचा फॉर्म : सही करायची की वाचायचं?

निवडून जाणं सगळ्यांनाच जमत नाही. पण वर्षातून एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्यापुढं एक फॉर्म येतो. कागदावर असतो किंवा मोबाईलवर. त्याला अभिप्राय किंवा फीडबॅक म्हणतात. शिक्षक कसं शिकवतात, ग्रंथालयात पुस्तकं मिळतात का, स्वच्छता कशी आहे, असे प्रश्न त्यात असतात.

कॉलेजं हा फॉर्म का भरून घेतात? कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणारी नॅक नावाची संस्था आहे. विद्यार्थ्यांचं मत घेता का आणि घेतल्यावर काय करता, हे ती कॉलेजांना विचारत आलीय. २०१७ सालच्या नव्या पद्धतीत नॅकनं आणखी एक गोष्ट आणली. थेट विद्यार्थ्यांच्या ईमेलवर समाधानाची प्रश्नावली जाऊ लागली. तिच्यात एकवीस प्रश्न, त्यातले वीस पर्याय निवडायचे आणि शेवटचा आपल्या शब्दांत लिहायचा. म्हणून मुलीचा ईमेल प्रवेशाच्या वेळी नेटकॅफेवाल्यानं स्वतःचाच टाकलेला नाही ना, हे तपासा. तिच्या नावाचं पत्र तिच्याकडेच यायला हवं.

मुली हा फॉर्म कसा भरतात, तेही आम्ही विचारलं. हॉलतिकिटाच्या रांगेत कुणीतरी फॉर्म देतं, मागं गर्दी असते, मुलगी सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून मोकळी होते. हे आपल्याला ओळखीचं आहे. वाचल्याशिवाय ठरावावर अंगठा उठवण्यातून काय होतं, ते आपण गटात शिकलोय. ज्या फॉर्मवर सगळं 'उत्तम' आहे, त्यावर कॉलेज काय सुधारणार? उलट उद्या कुणी तक्रार केली तर तोच फॉर्म दाखवला जाईल. म्हणतील, बघा, सगळ्या मुली समाधानी आहेत.

मग लिहायचं कसं? 'सोयी नाहीत' असं लिहिलं तर ते कुणालाच लागू पडत नाही. 'मुलींचं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर एकच आहे, दुपारी एकनंतर पाणी नसतं, दोन दारांना कडी नाही' असं लिहिलं की काय करायचं ते समोरच्याला कळतं. 'सर चांगलं शिकवत नाहीत' यापेक्षा 'या सत्रात इतिहासाच्या पेपरचे दोन धडे झालेच नाहीत' हे वाक्य जास्त कामाचं. जागा, वेळ, किती आणि काय हवंय, या चार गोष्टी लिहायच्या. माणसाच्या स्वभावाबद्दल लिहू नये, कामाबद्दल लिहावं. आणि जे चांगलं आहे तेही लिहावं. ग्रंथालयातल्या बाई वेळेवर पुस्तक शोधून देत असतील तर त्यांचं नाव घ्यावं. सगळंच वाईट लिहिलेला फॉर्म वाचणाराही गांभीर्यानं घेत नाही.

दुसरं, अभिप्राय घेतल्यावर त्यावर काय केलं याचा कृती अहवाल कॉलेजनं करणं अपेक्षित असतं. आपण ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लावतो. तसंच मुलींनी परिषदेतल्या प्रतिनिधीला विचारावं, "मागच्या वर्षी आम्ही लिहून दिलं, त्याचं काय झालं?" या प्रश्नाला कुणी उद्धटपणा म्हणू शकत नाही.

अडचण मोठी असेल तर : तक्रार निवारण समिती

काही गोष्टी वर्षाच्या फॉर्मची वाट बघत नाहीत. शिष्यवृत्ती अडकली, निकाल लागला नाही, फी माहितीपत्रकात लिहिली होती त्यापेक्षा जास्त मागितली, प्रवेश रद्द केला तर मूळ कागदपत्रं अडवून धरली. अशा वेळी काय करायचं, यासाठी यूजीसीनं २०२३ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे नियम काढले. ते नीट ऐका.

प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. प्राध्यापक तिचे अध्यक्ष, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य. एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. या समितीत अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला हवी आणि किमान एकजण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीमधला हवा.

आता दिवस मोजा. तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत समितीनं आपला अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत मुलीला द्यायची. तो निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांच्या आत लोकपालाकडे दाद मागता येते. हा लोकपाल विद्यापीठानं नेमलेला असतो. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशांपैकी कुणीतरी. त्यांनी तीस दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा. म्हणजे सगळं धरून दोन-सव्वादोन महिन्यांचा हिशोब आहे. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट : समितीपुढं मुलीनं स्वतः बोलावं, नाहीतर आपल्या वतीनं दुसऱ्या कुणाला बोलायला अधिकार द्यावा, अशी नियमातच सोय आहे. मुलीला एकटीला धीर होत नसेल तर तिच्या बाजूनं बोलणारं माणूस तिला नेता येतं.

लोकपालाबद्दल एक ध्यानात ठेवा. पेपरात मार्क कमी पडले, एवढ्यावरून ते हात घालत नाहीत. त्यात ठळक गडबड झाली असेल किंवा भेदभाव झाला असेल, तरच ते बघतात. मार्कांसाठी विद्यापीठाचा वेगळा रस्ता आहे. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागायची आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. त्याची मुदत थोडी असते, म्हणून निकाल लागला की लगेच चौकशी करावी. आणि खोटी तक्रार कधी करू नये. तसं आढळलं तर तक्रार करणाऱ्यावरच कारवाईची शिफारस होऊ शकते.

मुलींच्या फीबद्दलही सांगून ठेवतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. अशी मुलगी असूनही कॉलेज पूर्ण फी भरायला सांगत असेल, तर गटातून कर्ज उचलण्याआधी लेखी विचारणा करा.

अर्ज कसा लिहायचा?

तोंडी सांगितलेलं हवेत जातं, हे बँकेत खेपा घातलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. अर्ज साधा असावा. समजा शिष्यवृत्ती अडकलीय. मुलीनं असं लिहावं :

"प्रति, अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विषय : शिष्यवृत्तीचा अर्ज प्रलंबित असल्याबाबत. मी बीए द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. मी अमुक तारखेला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. अर्ज क्रमांक अमुक. आजपर्यंत तो महाविद्यालयाच्या पातळीवर प्रलंबित दिसतो. अमुक तारखेला मी कार्यालयात चौकशी केली. अर्जाची छाननी करून तो पुढे पाठवावा, किंवा त्रुटी असल्यास मला लेखी कळवावी, ही विनंती. सोबत अर्जाची प्रत जोडली आहे."

खाली नाव, वर्ग, तारीख, सही. बस एवढंच. यात कुणाला दूषण नाही, रडगाणं नाही. काय झालं, कधी झालं आणि काय हवंय, एवढंच आहे. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्यायची. "ठेव तिथं, बघतो" असं कुणी म्हणालं तर मुलीनं नम्रपणे म्हणावं, "सर, पोच द्या, घरी दाखवायचीय." कॉलेजचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथं भरावं आणि आलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. ही पोच घरात आपल्या पासबुकाशेजारी ठेवा. पंधरा दिवसांची गणती तिच्यावरच्या तारखेपासून सुरू होते.

अडचण चारचौघींची असेल तर अर्जावर चारचौघींच्या सह्या असाव्यात. कडी नाही हा त्रास एकीचा नाही. एकटीचं नाव पुढं आलं की ती 'तक्रारखोर' ठरते. वीसजणींच्या सह्या असल्या की तो वर्गाचा प्रश्न होतो आणि गुणांची भीतीही कमी होते.

ज्या गोष्टी हळू आवाजात सांगितल्या जातात

लैंगिक त्रासाची तक्रार वेगळ्या समितीकडे जाते. तिचं नाव अंतर्गत तक्रार समिती. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक कॉलेजात हवी. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला शिक्षक असते, निम्म्या तरी महिला असतात आणि बाहेरच्या सामाजिक संस्थेतलं एक माणूस असतं. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थ्यांनी निवडलेले तीन प्रतिनिधीही त्यात बसतात. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. तसंच कारण असेल तर समिती आणखी मुदत देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी आणि मुलीचं नाव गुप्त राहायला हवं. मुलगी स्वतः लिहायच्या अवस्थेत नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीण तिच्या वतीनं तक्रार देऊ शकते.

तीन महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. पण मुलगी महिनाभर घाबरून गप्प राहते, महिनाभर आईला कसं सांगू याचा विचार करते, तोवर मुदत संपत येते. म्हणून मुलगी अचानक कॉलेजला जायला टाळाटाळ करू लागली, फोन आला की बाहेर जाऊ लागली, तर चिडून विचारू नका. चहा करता करता विचारा. आणि तिनं सांगितलं तर पहिलं वाक्य हे म्हणा, "तुझं शिक्षण थांबणार नाही." पुढचं सगळं नंतर.

रॅगिंगचं असेल तर देशपातळीवरचा मदत क्रमांक आहे, तो लिहून घ्या : १८०० १८० ५५२२. हा चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीत पालकांचे प्रतिनिधीही असतात. तिथं नेहमी शहरातलेच पालक का असावेत? प्रवेशाच्या दिवशी विचारा, "या समितीवर पालक म्हणून कोण आहे?"

कागदावर आणि खरं

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल, मग अडचण कसली? अडचण आहे. बऱ्याचदा समिती फळ्यावर असते, पण बैठक होत नाही. फळ्यावर बदलून गेलेल्या बाईंचं नाव तसंच राहिलेलं असतं. तक्रार पेटीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं. विद्यार्थी प्रतिनिधी वरून नेमलेला असेल, तर तो नेमणाऱ्याकडेच बघून बोलतो. तक्रार निवारण समितीतला विद्यार्थी निमंत्रित असतो, सदस्य नसतो. शिवाय समितीतले शिक्षक त्याच कॉलेजचे असतात. हे सगळं खरं आहे.

पण आपल्या ग्रामसभा आठवा. सुरुवातीला त्याही रजिस्टरावरच भरायच्या. बायका जाऊन बसायला लागल्या, विचारायला लागल्या, महिला ग्रामसभेचा ठराव लिहून घ्या म्हणायला लागल्या, तेव्हा काही ठिकाणी त्या खऱ्या झाल्या. अजून सगळीकडे झाल्या नाहीत. कॉलेजच्या समित्यांचंही तसंच आहे. तिथं विचारणारी माणसं गेली तर त्या चालतील.

गटानं काय करायचं?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बचत आणि परतफेड झाली की पंधरा मिनिटं पुरे.

पहिलं, आपल्या गटातल्या किती घरच्या मुली बारावीच्या पुढं शिकतात, कुठल्या कॉलेजात, त्याची यादी करा. एकाच कॉलेजात जाणाऱ्या मुलींची एकमेकींशी ओळख करून द्या. सह्या करायला चारजणी लागतात, त्या अशा मिळतात.

दुसरं, प्रत्येक मुलीला एक काम द्या. तिनं आपल्या कॉलेजातून पाच नावं आणायची : वर्ग प्रतिनिधी, परिषदेतली महिला प्रतिनिधी, तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष आणि विद्यापीठाचे लोकपाल. ही नावं कॉलेजच्या फळ्यावर, माहितीपत्रकात किंवा वेबसाइटवर मिळायला हवीत. नाही मिळाली तर ती विचारणारा अर्ज, हाच पहिला अर्ज.

तिसरं, जे प्रश्न कॉलेजच्या भिंतीबाहेरचे आहेत ते आपण उचलायचे. एसटीची वेळ कॉलेज बदलू शकत नाही. पण परिषदेचं पत्र, ग्रामसभेचा ठराव आणि मुलींच्या सह्या एकत्र करून आगार व्यवस्थापकांकडे जाता येतं. एका पत्राला नाही म्हणणं सोपं असतं, तीन कागदांना उत्तर द्यावं लागतं. गेटवर पोरं उभी राहत असतील तर कॉलेज आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे लेखी द्या.

चौथं काम घरात करायचं. नवऱ्याला, सासऱ्यांना, मोठ्या मुलाला हे समजावायचं की पोरीनं तक्रार केली म्हणजे तिनं काही वाईट केलं असं नाही. "शिकायला पाठवली, भांडायला नाही" असं कुणी म्हणालं तर सांगा, फी भरली आहे, पाणी मागितलं तर ते भांडण होत नाही. त्यांना पटायला वेळ लागेल. गटात यायला लागलो तेव्हा आपल्याबद्दलही असंच बोललं गेलं होतं.

ज्या मुलीनं वीसव्या वर्षी अर्ज लिहून पोच घेतली, ती पुढं रेशन दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या ठिकाणी गप्प बसत नाही. पदवीच्या कागदावर हे कुठं लिहिलेलं नसतं, पण कॉलेजानं शिकवलेल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक असते.

तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं, मुलींनी कुठली नावं शोधून आणली आणि कुठं अडलं, ते पुढच्या बैठकीला आम्ही येऊ तेव्हा वहीत लिहून ठेवलेलं दाखवा. अडलेल्या अर्जाला पुढचा अर्ज कसा लिहायचा, ते आपण मिळून बघू.